वाईट दिवसांत आभार कुणाचे, भरवसा कशावर?

घरात मोठं आजारपण आलं, काम सुटलं, पुरात भिंत पडली, की भेटायला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास सांगून जातात. एक, 'जीव वाचला ना, देवाचे आभार मान.' दुसरी, 'विश्वास ठेव, सगळं चांगलं होणार बघ.' सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐकणारा मान हलवतो, चहा देतो, आणि माणसं उठून गेली की आधीपेक्षा जास्त एकटा पडतो. भिंत त्याची पडलेली असते. आणि सगळं चांगलं होणार, याची खात्री सांगणाऱ्याला तरी कुठे असते?

तरीही निपाणी-चिकोडीकडची पूर बघितलेली गावं घ्या, बेळगावातल्या वडगाव-खासबागचे मागवाले, म्हणजे विणकर, घ्या, खानापूरची जंगलपट्टी घ्या. कृतज्ञता आणि श्रद्धा यांच्याच आधाराने उभी राहिलेली माणसं तुम्हाला भेटतील. उपदेश म्हणून ऐकताना जी गोष्ट टोचते, तीच जगताना आधार कशी होते? मानसशास्त्रात यावर गेली पंचवीसेक वर्षं बरंच काम झालं आहे. आपल्या गावच्या रीतींतही याची उत्तरं आहेत, फक्त आपण त्या रीती उरकून टाकतो, बघत नाही.

आधी कृतज्ञता घेऊ. या विषयावर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स तिचे दोन भाग सांगतात. पहिला: आपल्या वाट्याला काहीतरी चांगलं आलं, हे लक्षात येणं. दुसरा: ते आपल्या एकट्याच्या कर्तबगारीने आलेलं नाही, कुणीतरी दिलं, हे मान्य करणं. मग तो कुणीतरी शेजारी असेल, देव असेल, नाहीतर पाऊस. या दोन्ही भागांत 'झालं ते बरंच झालं' असं कुठेही म्हटलेलं नाही. संकटाचे आभार मानायला कुणी सांगत नाही, आणि सांगत असेल तर त्याचं ऐकायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या. कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली जाणं चिकोडीकडच्यांना दरसालचं, पण त्या वर्षी पाणी घरात आलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. पंचनाम्यात पडलेल्या भिंती येतात, कुजलेला ऊस येतो, वाहून गेलेली जनावरं येतात. रात्री कोण ट्रॅक्टर घेऊन आलं, कुणाच्या माडीवर चार कुटुंबं राहिली, कुणी म्हैस आपल्या गोठ्यात बांधून घेतली आणि वैरणीचे पैसे मागितले नाहीत, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. हेही घडलेलंच असतं, आणि भिंत पडण्याइतकंच खरं असतं.

मनाचंही असंच चालतं. वाईट गोष्ट मनात आपोआप उतरते. चांगली गोष्ट मुद्दाम उतरवून घ्यावी लागते. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे पुष्कळ अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की वाईट अनुभवाचा ठसा चांगल्यापेक्षा जास्त खोल जातो आणि जास्त टिकतो. दिवसभरात दहा जण नीट बोललेले असतात आणि एकाने टोमणा मारलेला असतो. रात्री आठवतो तो टोमणाच. यात तुमचा स्वभाव कृतघ्न आहे असं काही नाही. धोका आधी ओळखणारे पूर्वज वाचले आणि आपण त्यांचे वंशज, एवढंच. म्हणून कृतज्ञता आपोआप वाटत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. वाईट दिवसांत तर ती मुळीच आपोआप येत नाही.

एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ चा अभ्यास या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. त्यात काही जणांना दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी, आणि काहींना नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी आभार लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. त्याच अभ्यासाचा एक भाग मज्जातंतू आणि स्नायूंचा जुनाट आजार असलेल्या माणसांवर होता. एकवीस दिवस लिहिल्यावर त्यांची मनःस्थिती सुधारली, आणि झोपही बरी लागू लागली. आजार होता तिथेच होता.

मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ यापुढे जाऊन 'आभार माना, आयुष्य बदलेल' वगैरे सांगतात. तसं काही नाही. पुढच्या वर्षांतले अभ्यास एकत्र पाहिले तर फायदा दिसतो, पण माफक. नैराश्य आणि चिंता यांवर तर थोडाच. दुसरी एक गंमत आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या पाहणीत आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. फार वेळा केलं की त्याचा रतीब होतो आणि अर्थ उडून जातो. आपल्याकडच्या माणसाला हे नवं वाटायला नको. वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेआधी वार पाळणूक असते, म्हणजे ठरल्या वारी कामं बंद; गावोगावी ग्रामदेवतेचे वार पाळतात. रोजच वार पाळला असता तर कामं कधी झाली असती?

वडगावातच आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. काका डायलिसिसवर, आठवड्याला दोन फेऱ्या दवाखान्याच्या. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लटकवलेलं. त्यात दुधाच्या खाड्याच्या फुल्या, सिलिंडर लावल्याची खूण, डायलिसिसच्या दिवसांना लाल गोल. आणि मधूनमधून एखाद्या चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी: 'रिक्षा - पैसे घेतलं नाही.' 'खालच्या घरातनं भाकरी.' 'नर्स नीट बोलली.' एका चौकोनात नुसतंच 'झोप लागली'. काही आठवडे कोरे.

"हे कशाला लिहून ठेवताय काकू?" म्हणून विचारलं.

"परत करायला नको काय? लिहून ठेवलं की याद राहतंय. आणि रात्री डोळा लागत नाही तवा हेच वाचत बसतो मी."

अभ्यासांतून जे निघतं ते सगळं त्या चौकोनांत आहे. 'आयुष्याबद्दल आभारी आहे' असलं मोघम तिथे काही नाही. रिक्षा आहे, भाकरी आहे, तारीख आहे. कोरे आठवडे कोरेच ठेवलेत, ओढूनताणून भरलेले नाहीत. लाल गोल खोडून टाकलेले नाहीत; दुःख आणि आभार एकाच पानावर आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'परत करायला नको काय'. काकूंची नोंद स्वतःला बरं वाटावं म्हणून सुरू झालेली नाही. संक्रांतीला तिळगूळ कुणाकडे न्यायचा, कुणाच्या पोरीच्या लग्नात राबायला जायचं, याची ती यादी आहे. देणाऱ्याकडे पुन्हा वळायला लावणारे आभार जास्त टिकतात, असं माझं मत आहे. वहीत लिहून वही कपाटात ठेवण्यापेक्षा जाऊन सांगितलेलं बरं.

इथे एक काटा आहे, आणि आपल्या समाजात तो फार बोचतो: मिंधेपणा. कुणी मदत केली की मन भरून येतं, तसंच कधी मान खालीही जाते. संशोधक या दोन भावना वेगळ्या धरतात. ओळखायची खूण सोपी आहे. कृतज्ञ माणसाला देणारा भेटावासा वाटतो. मिंधा झालेला माणूस तो समोरून येताना दिसला की गल्ली बदलतो. मालकाने उचल दिली, म्हणून मजुरी वाढवून मागायची नाही. भावाने दवाखान्याचं बिल भरलं, म्हणून वाटणीचा विषय काढायचा नाही. असे आभार वसूल केले जातात. जो आभार मागतो त्याने मदत दिलेलीच नसते, कर्ज दिलेलं असतं. संकटात सापडलेल्या माणसाला 'कृतज्ञ राहा' असं सांगण्याआधी त्याच्या डोक्यावर अशी किती कर्जं आहेत ते बघावं. आणि खरंखुरं कर्ज असेल, फायनान्सवाले दारात बसत असतील, तर तिथे आभाराची वही कामाची नाही. छोट्या कर्जांच्या दांडगाईच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश आला. पुढे त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्या कायद्याचा कागद हातात असणं जास्त उपयोगाचं.

तुकोबांचा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात दुकान बसलं, पहिली बायको आणि मुलगा गेला, आणि तरी ते म्हणाले की दिवाळं निघालं ते बरंच झालं. खरं आहे. पण हे त्यांनी स्वतःबद्दल म्हटलं आणि नंतर म्हटलं. दुकान बसलं त्या आठवड्यात कुणी दारात येऊन त्यांना हे ऐकवलं नव्हतं. ज्याचं त्याने, ज्या त्या वेळी म्हणायचं ते वाक्य आहे. दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही.

आता श्रद्धेकडे वळू. ती समजायला जास्त अवघड, कारण तिच्या नावाखाली आपण दोन उलट गोष्टी ठेवतो. एक म्हणजे 'सगळं चांगलंच होणार' अशी खात्री. दुसरी म्हणजे काय होणार हे माहीत नसताना आपलं काम करत राहणं. पहिली वाईट दिवसांत फार लवकर मोडते. रिपोर्ट वाईट आला की संपली. दुसरी कशी असते ते बघायचं तर मे महिन्याच्या अखेरीस बेळगाव-खानापूरकडे भाताची धूळवाफ पेरणी बघावी. वळिवाचे एक-दोन पाऊस झालेले असतात, माती वरून कोरडी भुसभुशीत, आणि शेतकरी कुरीने बी पेरून मोकळा होतो. मृगाचा पाऊस वेळेवर लागला तर भात आधी उभं राहतं, लावणीची मजुरी वाचते. लागला नाही तर बी जातं. पेरणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं. म्हणून तो सगळं बी पेरत नाही, दुबार पेरणीपुरतं राखून ठेवतो. राखून ठेवलं म्हणून त्याची श्रद्धा कमी, असं कुणी म्हणत नाही. आजारपणात नवसही बोलावा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घ्यावं, यात विरोध वाटणाऱ्यांनी एकदा त्या बांधावर उभं राहावं.

श्रद्धाळू माणसाने तक्रार करायची नाही, हा दुसरा गैरसमज. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात, ते काय आहे? गावावर काय आलंय ते नीट, मोठ्याने, सगळ्यांसमोर देवाला सांगायचं आणि आता तू बघ म्हणायचं. तक्रार त्याच्याकडेच करतो ज्याच्याशी नातं तुटलेलं नाही. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या. त्यासाठी तिला वारकऱ्यांनी बाहेर काढलं नाही, संत म्हटलं.

अभ्यास इथे एक बारीक फरक दाखवतो. केनेथ पार्गमेंट यांनी धर्माचा आधार घेण्याचे प्रकार वेगळे करून बघितले. देवाकडे बळ मागणं, आपल्या माणसांत जाऊन बसणं, यातून सहसा फायदा होतो. पण 'देवाने मला टाकलं', 'ही माझ्या पापाची शिक्षा आहे' असं मनात घर करून बसलं तर नुकसान होतं. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दवाखान्यात दाखल झालेल्या, पंचावन्न किंवा अधिक वयाच्या ५९६ रुग्णांवर साधारण दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. देवाने टाकलं, देवाचं आपल्यावर प्रेम नाही असं मानणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त दिसला, आजार किती गंभीर होता हे हिशेबात धरूनही. एका अभ्यासावरून 'यामुळेच ते' असं म्हणता येत नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून 'मागच्या जन्माचं काहीतरी असणार', 'देवीचं काही राहिलंय काय बघा', 'कुणीतरी केलंय' असं बोलणाऱ्यांनी तो अभ्यास लक्षात ठेवावा. आपण सांत्वन करत नसतो, आजाऱ्याचं ओझं वाढवत असतो.

नवसाबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सरदाराच्या, समाधीपाशी वड आहे. रायण्णाला १८३१ मध्ये इंग्रजांनी नंदगडलाच फाशी दिलं. त्या वडाला मूल व्हावं म्हणून लोकांनी पाळणे बांधलेले असतात. तो पाळणा बांधणाऱ्या बाईला हसण्यासारखं त्यात काही नाही. महिनोन् महिने नुसती वाट बघणं असह्य असतं. नवस त्या वाट बघण्याला सुरुवात देतो, हाताला काम देतो. बिघडतं ते नवसाचा व्यवहार होतो तेव्हा: मी एवढं केलं, आता तू दे. दिलं नाही तर एक तर देव खोटा, नाहीतर मी पापी. दोन्हींतून माणूस मोडतो. आणि काही नवसांची किंमत तर भलत्यानेच भरली. यल्लम्माच्या नावाने गरिबाघरच्या पोरी सोडल्या गेल्या, ती प्रथा बंद करायला कर्नाटकाला १९८२ मध्ये देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. श्रद्धा माझी आणि भोगायचं दुसऱ्याने, असं जिथे असेल तिथे तिला श्रद्धा म्हणायला मी तयार नाही.

पण त्याच यल्लम्माच्या परंपरेत दुःखाबद्दलचं एक शहाणपणही आहे. मार्गशीर्षातली पौर्णिमा ही रांडाव पुनव. जमदग्नी मारला गेला, रेणुका म्हणजेच यल्लम्मा विधवा झाली, म्हणून देवीच्या बांगड्या उतरवायच्या. मग पुढे येते अहेव पुनव, तेव्हा पुन्हा चुडा भरायचा. मधले दिवस देवी दुःखात आहे, आणि 'आता हस' असं तिला कुणी म्हणत नाही. वाईट काळाला त्याचे दिवस द्यावे लागतात, हे इथे पंचांगातच लिहिलंय. (देवीला चुडा परत मिळतो, गावातल्या विधवेला मिळत नाही, हे मात्र राहून राहून खटकतं. आपल्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तसे ठराव इकडेही व्हायला काय हरकत आहे?)

अथणीकडे, विजापूरच्या वाटेवर, एळ्ळ अमावास्या करतात. घरातले सगळे रानात जाऊन जेवतात, आणि नैवेद्याचा चरग उभ्या पिकात शिंपतात. ही डिसेंबर-जानेवारीतली गोष्ट. जोंधळा तेव्हा अजून काढायचा असतो. किती पिकेल, काय भाव मिळेल, काहीच हातात नसतं. सुगी झाल्यावर आभार मानणं सोपं आहे. हे लोक आधीच मानतात. त्या दिवसाकडे बघितलं की कृतज्ञता आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नाहीत. आतापर्यंत जमिनीने पोसलं याची आठवण, आणि पुढचं माहीत नसताना जोंधळ्याची राखण चालूच.

मग स्वतःवर वेळ आली तर करायचं काय? फार नाही. आठवड्याचा एक वार धरा. त्या दिवशी गेल्या आठवड्यात कुणी काय केलं ते एक-दोन ओळींत लिहा, नावानिशी. काही नसेल तर लिहू नका. त्यातल्या एकाला फोन करा किंवा जाऊन सांगा. देव मानत असाल तर त्याच्याशी भांडायची मुभा स्वतःला द्या. मानत नसाल तर मित्राशी भांडा, चालतं. आणि दुसऱ्याच्या घरी भेटायला गेलात तर 'आभार मान' म्हणण्यापेक्षा 'उद्या दवाखान्यात डबा मी आणतो' म्हणा. त्याच्या कॅलेंडरात लिहिण्यासारखं काहीतरी होईल.

हे सगळं दुःखासाठी झालं. मनाच्या आजारासाठी नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक बिघडलेली, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतंय, किंवा जगू नये असे विचार येतात, तर श्रद्धा कमी पडली असं समजू नका. हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, भाषा निवडता येते. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं, आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. आपल्याकडे धारवाडचं नाव थट्टेत घ्यायची सवय आहे, त्यापायी कितीतरी जण वेळेवर जात नाहीत. जातानाच आधीच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि शक्य असेल तर घरातलं एक माणूस. काय काय होतंय ते आजाऱ्याला त्या वेळी धड सांगता येत नाही.